टाकीपासून सिलिंडरपर्यंत : जुन्या ट्रॅक्टरच्या इंधनदोषांचा शोध

१. यंत्र आणि त्याचा काळ

कार्ब्युरेटरवर चालणारा जुना शेती-ट्रॅक्टर काम करता करता बंद पडला की पाना सहसा पहिल्यांदा कार्ब्युरेटरलाच लागतो. तो उतरवून, धुऊन पुन्हा बसवला जातो. ट्रॅक्टर थोडा वेळ चालतो आणि परत थांबतो. याचे कारण साधे आहे. पेट्रोलचा प्रवास टाकीच्या झाकणापाशी सुरू होतो आणि सिलिंडरमध्ये संपतो. कार्ब्युरेटर हा या वाटेवरचा जवळजवळ शेवटचा टप्पा असल्याने वरच्या प्रत्येक टप्प्यावरची अडचण तिथे दिसते, पण ती तिथे निर्माण झालेली असतेच असे नाही. पाटाच्या शेपटाकडच्या शेताला पाणी पोचले नाही, तर ते शेत खणून काही साधत नाही. चारीच्या कडेने वर चालत जावे लागते. इंधनदोषाचा शोधही असाच क्रमाने घ्यावा लागतो. प्रत्येक टप्प्यावर मोजावे, तो निर्दोष असल्याची खात्री करावी आणि मगच पुढे सरकावे. हा क्रम पाळला तर निम्म्याहून अधिक वेळा कार्ब्युरेटर खोलण्याची गरजच पडत नाही.

हा क्रम समजून घेण्यासाठी फोर्डच्या ‘एन’ मालिकेतील ट्रॅक्टर हे उत्तम उदाहरण आहे. हेन्री फोर्ड आणि हॅरी फर्ग्युसन यांच्यात १९३८ साली तोंडी करार झाला आणि १९३९ साली अमेरिकेत ९एन हा ट्रॅक्टर बाजारात आला. युद्धकाळात २एन आणि १९४७ ते १९५२ या काळात ८एन तयार झाला. एकट्या ८एनचे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर बनले आणि त्यांतले कितीतरी आजही अमेरिकेतल्या लहान शेतांवर गवत कापतात, बर्फ सारतात, गाड्या ओढतात. त्यांचे चार सिलिंडरचे, बाजूला व्हॉल्व्ह असलेले इंजिन सुमारे १,९६० घनसेंमी क्षमतेचे आहे. सिलिंडरचा व्यास आणि दट्ट्याची धाव त्या काळच्या मर्क्युरी मोटारीच्या व्ही-८ इंजिनाएवढीच ठेवलेली होती, म्हणजे क्षमतेच्या हिशेबाने ते त्या इंजिनाचे अर्धे आहे. त्यावर मार्व्हल-शेबलर कंपनीचा टीएसएक्स जातीचा बिडाचा कार्ब्युरेटर बसवलेला असतो.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याचा या ट्रॅक्टरशी संबंध दुरून येतो, पण तो खरा आहे. फर्ग्युसन यांची तीन बिंदूंची हायड्रॉलिक जोडणी ९एनमधून मोठ्या प्रमाणावर शेतात उतरली. पुढे फर्ग्युसन यांनी इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात टीई२० हा राखाडी ट्रॅक्टर बनवून घेतला. १९५३ साली त्यांची कंपनी मॅसी-हॅरिसमध्ये विलीन झाली आणि १९६० साली मद्रासमध्ये स्थापन झालेल्या टॅफेने मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर भारतीय शेतात आणले. भारतात ट्रॅक्टर डिझेलचेच रुजले, त्यामुळे ट्रॅक्टरचा कार्ब्युरेटर इथे क्वचितच पाहायला मिळतो. मात्र पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारे पाण्याचे पंप, पाठीवरचे फवारणी यंत्र, गवत कापणी यंत्र आणि जुन्या दुचाक्या यांत तोच कार्ब्युरेटर लहान रूपात असतो. त्यामुळे पुढे मांडलेली तपासणीची रीत त्या यंत्रांनाही थोड्याफार फरकाने लागू पडते.

२. कार्ब्युरेटरचे काम

पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने त्याच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास असते. म्हणजे त्याला जवळजवळ ११ किलो, आकारमानाने सुमारे ९,००० लिटर हवा हवी. इंजिन मंद गतीवर असो की नांगर ओढत असो, हे प्रमाण थोड्या फरकाने सांभाळणे हेच कार्ब्युरेटरचे काम. पूर्ण ताकद हवी असताना मिश्रण थोडे गडद, म्हणजे साधारण साडेबारा ते तेराला एक, असे लागते.

टीएसएक्स कार्ब्युरेटर इंजिनाच्या मॅनिफोल्डखाली टांगलेला असतो आणि हवा त्यातून खालून वर जाते. आतला मार्ग मध्ये अरुंद केलेला असतो. तिथे हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि त्या कमी दाबामुळे वाटीतले पेट्रोल मुख्य नळीवाटे वर ओढले जाऊन हवेत मिसळते. वाटीतल्या पेट्रोलची पातळी मुख्य नळीच्या तोंडाच्या जराशी खाली राहिली पाहिजे. ती राखण्यासाठी फ्लोट आणि नीडल व्हॉल्व्ह असतात. पातळी वर आली की फ्लोट वर उचलला जातो आणि नीडल आपल्या बैठकीवर टेकून पेट्रोल थांबवते. पातळी उतरली की वाट पुन्हा मोकळी होते.

मंद गतीवर थ्रॉटलची चकती जवळजवळ बंद असते आणि अरुंद भागातून पुरेशी हवा वाहत नाही. त्या वेळी मुख्य नळी काम करत नाही. पेट्रोल एका बारीक स्वतंत्र वाटेने चकतीच्या कडेजवळच्या छिद्रांपर्यंत जाते. म्हणून मंद गतीचा दोष आणि भाराखालचा दोष हे दोन वेगळ्या वाटांचे दोष आहेत. केवळ मंद गतीवर बंद पडणारा आणि रेस दिल्यावर चांगला चालणारा ट्रॅक्टर बारीक वाटेकडे बोट दाखवतो. मंद गतीवर छान चालून भार येताच मान टाकणारा ट्रॅक्टर मुख्य जेटकडे किंवा अपुऱ्या पुरवठ्याकडे.

३. पेट्रोल की ठिणगी?

इंधनाचा शोध घेण्यापूर्वी दोष इंधनाचाच आहे, हे ठरवले पाहिजे. कार्ब्युरेटरच्या नावावर खपणारे अनेक दोष प्रत्यक्षात प्लग, पॉइंट, कंडेन्सर किंवा कॉइलचे असतात. ८एनची मूळ विद्युत व्यवस्था सहा व्होल्टची, धन टोक बॉडीला जोडलेली असते. इतक्या कमी व्होल्टवर गंजलेला एखादा जोड किंवा जळलेले पॉइंटसुद्धा ठिणगी अशक्त करायला पुरेसे असतात.

इंजिन बंद पडण्याची ढब पहिला सुगावा देते. ठिणगी गेली तर इंजिन दिवा मालवावा तसे एकदम थांबते. पेट्रोल कमी पडले तर ते आधी अडखळते, कार्ब्युरेटरमधून फटफट आवाज येतो, ताकद हळूहळू उतरते आणि मग इंजिन बंद पडते. दुसरा सुगावा चोक देतो. बिघाड चालू असतानाच चोक अर्धा ओढल्यावर इंजिन सावरले, तर मिश्रण फिके आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडते आहे किंवा कुठूनतरी जास्तीची हवा आत जाते आहे. चोक ओढताच इंजिन आणखी बिघडले, तर मिश्रण आधीच गडद आहे किंवा दोष इंधनाचा नाही.

तिसरी खूण प्लगवर दिसते. भाराखाली काही वेळ चालवून इंजिन लगेच बंद करावे आणि प्लग काढून पाहावेत. कोरडी काळी काजळी म्हणजे गडद मिश्रण. पांढुरका, भाजल्यासारखा रंग म्हणजे फिके मिश्रण. तपकिरी किंवा राखाडी-तपकिरी रंग म्हणजे प्रमाण जुळलेले आहे. चारांपैकी एकच प्लग वेगळा दिसला, तर दोष बहुधा त्या सिलिंडरचा असतो, कारण कार्ब्युरेटर चारही सिलिंडरना एकच मिश्रण देतो.

फसवा प्रकार एकच, पण तो नेहमीचा आहे. ट्रॅक्टर सुरुवातीला व्यवस्थित चालतो, वीस-तीस मिनिटांनी बंद पडतो आणि थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा सुरू होतो. यामागे दोन वेगळी कारणे असू शकतात. तापलेली कॉइल ठिणगी देईनाशी होते आणि थंड झाल्यावर पुन्हा काम करू लागते. किंवा टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजलेले असते. पेट्रोल उतरता उतरता टाकीत पोकळी निर्माण होऊन प्रवाह थांबतो आणि वेळ गेल्यावर कुठून तरी हवा शिरून तो पुन्हा सुरू होतो. फरक ओळखण्याची वेळ म्हणजे ट्रॅक्टर बंद पडल्यानंतरचा क्षण. झाकण सैल करावे. हवा आत शिरल्याचा फुसकारा ऐकू आला आणि इंजिन लगेच सुरू झाले, तर दोष झाकणाचा. तसे झाले नाही, तर वाटीचा तळाचा स्क्रू सोडून पेट्रोल येते का ते पाहावे. ते धो धो येत असेल आणि प्लगच्या तारेला ठिणगी नसेल, तर कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर यांच्याकडे वळावे.

४. टाकी, कॉक आणि गाळवाटी

एन मालिकेत पेट्रोलचा पंप नाही. टाकी इंजिनाच्या वर असते आणि पेट्रोल केवळ आपल्या वजनाने खाली उतरते. उंचीतला फरक अर्धा मीटर धरला, तर त्या स्तंभाचा दाब जेमतेम साडेतीन किलोपास्कल भरतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे अठ्ठाविसाव्या भागाएवढा. इतक्या थोड्या बळावर चालणाऱ्या व्यवस्थेत झाकणाचे बुजलेले छिद्र, जाळीवरचा पातळसा थर किंवा नळीतला एखादा फुगवटाही प्रवाह अडवू शकतो. पंप असलेल्या मोटारीत हेच अडथळे महिनोन्‌महिने लक्षात येत नाहीत.

टाकीखाली काचेची गाळवाटी आणि तिच्यावर कॉक असतो. पाणी आणि माती पेट्रोलपेक्षा जड असल्याने या वाटीत तळाशी बसतात आणि काचेतून दिसतात. तळाशी पाण्याचे मणी किंवा तांबूस गाळ दिसला, तर वाटी धुणे एवढेच काम नाही. टाकीतही तेच आहे, असे समजावे. एन ट्रॅक्टरच्या कॉकची एक खासियत नवख्या मालकाला माहीत नसते. कॉक दोन फेरे उघडला की टाकीचा मुख्य साठा मिळतो. तो पूर्ण उघडल्यावर तळाचा राखीव साठा, म्हणजे सुमारे एक गॅलन, मिळतो. टाकीत पेट्रोल हलताना दिसते आणि ट्रॅक्टर मात्र पेट्रोलविना थांबतो, असे अनेकदा घडते. तेव्हा मुख्य साठा संपलेला असतो आणि कॉक दोन फेऱ्यांवरच असतो.

या ट्रॅक्टरात पेट्रोल तीन जाळ्यांतून जाते. पहिली टाकीच्या आत, कॉकच्या उभ्या नळीवर. दुसरी गाळवाटीच्या माथ्यावर. तिसरी कार्ब्युरेटरला जोडणाऱ्या पितळी कोपऱ्याच्या आत. तिसऱ्या जाळीची अनेकांना कल्पनाच नसते, कारण कोपरा पूर्ण काढल्याशिवाय ती दिसत नाही. कार्ब्युरेटर दोनदा धुऊनही पेट्रोल कमीच येत असेल, तर ही जाळी तपासावी.

जाळीवर साठणारा गाळ बहुधा टाकीच्या गंजाचा असतो. अर्धी रिकामी टाकी थंडीत उभी राहिली की आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर जमून थेंब होते आणि पत्रा गंजतो. गंजाचे पापुद्रे सुटू लागले की जाळी साफ करूनही दर काही तासांनी ती पुन्हा बुजते. तेव्हा टाकी उतरवून आतून साफ करणे हाच उपाय उरतो.

५. प्रवाहाची चाचणी

इंधनदोषाच्या तपासात एकच चाचणी करायची झाली, तर ती ही. कार्ब्युरेटरच्या वाटीला तळाशी एक स्क्रू असतो. इंजिन थंड असावे, टाकी निदान अर्धी भरलेली असावी. स्क्रूखाली अर्ध्या लिटरचे धातूचे भांडे धरावे, कॉक दोन फेरे उघडावा, स्क्रू काढावा आणि वेळ मोजावी. सुमारे दोन मिनिटांत अर्धा लिटर पेट्रोल जमले पाहिजे आणि धार शेवटपर्यंत एकसारखी राहिली पाहिजे. या वेगाने तासाला सुमारे १५ लिटर पेट्रोल पोचते. पूर्ण भाराखाली हे इंजिन तासाला साधारण ८ ते १० लिटर पेट्रोल जाळते, म्हणजे पुरवठ्यात पुरेशी शिल्लक राहते.

धारेचे वागणे निकालाइतकेच महत्त्वाचे आहे. पहिल्या क्षणी धार जोरात येते, कारण वाटीत साठलेले पेट्रोल बाहेर पडते. खरा पुरवठा त्यानंतर दिसतो. धार हळूहळू क्षीण होत गेली, तर झाकण सैल करून पाहावे. ती पुन्हा जोर धरू लागली, तर झाकणाचे छिद्र बुजलेले आहे. झाकण उघडूनही धार क्षीणच राहिली, तर टाकीच्या तोंडाशी काही तरी येऊन बसते आहे. पान, किड्याचे घरटे किंवा टाकीच्या आतल्या लेपाचा सुटलेला तुकडा यांपैकी काहीही असू शकते. धार मुळातच बारीक असेल, तर वाटेचे दोन भाग करून शोध घ्यावा. कार्ब्युरेटरपाशी नळी सोडावी. नळीतून जोरात पेट्रोल येत असेल, तर अडथळा पितळी कोपऱ्याच्या जाळीत किंवा नीडलच्या बैठकीत आहे. नळीतूनही बारीकच येत असेल, तर गाळवाटीपाशी सोडून पाहावे. अशा दोन-तीन पायऱ्यांत दोष एका भागावर येऊन ठेपतो.

नळीचे दोन दोष वेगळे नोंदवायला हवेत. पहिला, मूळ धातूची नळी काढून लांब रबरी नळी टाकणे आणि तिला मध्येच वर उठणारा फुगवटा राहू देणे. या फुगवट्यात हवा किंवा पेट्रोलची वाफ अडकते आणि एवढ्या कमी दाबाला ती ढकलता येत नाही. नळी एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जवळून गेली, तर उन्हाळ्यात पेट्रोल तिच्यातच उकळू लागते. नळी सर्वत्र उतरती आणि गरम भागांपासून दूर असावी. दुसरा, नळीत मध्येच बसवलेला कागदी फिल्टर. त्यातले बरेच फिल्टर पंपाच्या दाबासाठी बनवलेले असतात. केवळ वजनाने उतरणाऱ्या पेट्रोलला ते अडवतात. ट्रॅक्टरमध्ये मुळातच तीन जाळ्या असताना या फिल्टरची गरज नाही, आणि तो काढताच बरा झालेला ट्रॅक्टर ही कारागिरांच्या नेहमीच्या अनुभवातली गोष्ट आहे.

प्रवाहाची चाचणी ट्रॅक्टरने पार केली, तर टाकी, कॉक, जाळ्या, नळी आणि नीडलची वाट हे सगळे एकदम निर्दोष ठरतात. आता कार्ब्युरेटरच्या आतल्या भागाकडे वळण्याला आधार मिळतो.

६. ओव्हरफ्लो : नीडल आणि फ्लोट

पेट्रोल कमी पडण्याच्या उलटचा दोष म्हणजे ओव्हरफ्लो. खालून वर हवा नेणाऱ्या कार्ब्युरेटरमध्ये जास्तीचे पेट्रोल इंजिनाकडे न जाता तळाच्या छिद्रातून किंवा हवेच्या नळीतून खाली गळते. इथे एक भेद लक्षात घ्यावा. चोक ओढून बराच वेळ स्टार्टर फिरवल्यावर काही थेंब गळणे स्वाभाविक आहे, कारण मुख्य नळीतून वर आलेले पेट्रोल इंजिनात न जाता परत खाली येते. ट्रॅक्टर बंद असताना, कॉक उघडा ठेवल्यावर थेंब सतत पडत राहणे मात्र दोषाचे लक्षण आहे.

सतत गळण्याची कारणे तीन. नीडल आणि बैठक यांच्यामध्ये कचऱ्याचा कण अडकतो. नीडलच्या टोकावर झिजेची कडी उमटते आणि ती नीट टेकत नाही. किंवा फ्लोट जड होतो. कण अडकला असेल, तर वाटी हलकेच ठोकल्यावर किंवा तळाचा स्क्रू काढून पेट्रोल वाहू दिल्यावर तो कधी कधी निघून जातो. झीज झाली असेल, तर नीडल आणि बैठक दोन्ही एकत्र बदलावेत. जुन्या बैठकीवर नवी नीडल फार काळ टिकत नाही. पितळी फ्लोट कानाशी हलवून पाहावा. आत पेट्रोल हलल्याचा आवाज आला, तर त्याला छिद्र पडले आहे. फ्लोट गरम पाण्यात बुडवला की छिद्रातून बुडबुडे येतात आणि नेमकी जागा कळते. त्याला डाग देण्यापूर्वी आतले पेट्रोल पूर्ण काढून टाकावे. राहिलेल्या वाफेवर तापलेली कैय्या लावणे धोक्याचे असते. शक्य असेल तर नवा फ्लोट बसवणेच सुरक्षित.

टीएसएक्स कार्ब्युरेटरमध्ये फ्लोट वरच्या भागाला टांगलेला असतो. पातळी तपासण्यासाठी वरचा भाग उलटा धरावा आणि फ्लोटच्या वजनाने नीडल बंद होऊ द्यावी. गॅस्केटच्या पृष्ठभागापासून फ्लोटच्या जवळच्या कडेपर्यंत पाव इंच, म्हणजे सुमारे सहा मिलिमीटर अंतर असावे. फ्लोटचे दोन्ही भाग सारख्या उंचीवर असावेत आणि ते वाटीच्या भिंतीला घासू नयेत. पातळी वर गेली तर मिश्रण सर्वच गतींवर गडद होते आणि उतारावर पेट्रोल सांडते. खाली गेली तर भाराखाली इंजिन उपाशी राहते.

७. जेट, आतल्या वाटा आणि फुकटची हवा

महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरच्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचे हलके घटक उडून जातात आणि मागे तपकिरी, चिकट राळेसारखा थर उरतो. तो आधी सर्वात बारीक वाटांवर बसतो, म्हणून मंद गतीची वाट सर्वांत आधी बंद होते. साफसफाई करताना सगळे पितळी जेट काढावेत, धातूचे भाग कार्ब्युरेटर क्लीनरमध्ये भिजवावेत आणि प्रत्येक वाटेतून दाबाची हवा मारून ती दुसऱ्या टोकाला निघते का, हे तपासावे. जेटमधून पोलादी तार फिरवू नये. पितळ मऊ असल्याने छिद्र मोठे होते आणि प्रमाण कायमचे बिघडते. मिश्रणाचे स्क्रू आत घेताना टेकेपर्यंतच फिरवावेत. जोर लावला तर टोकावर खोलगट कडी पडते आणि पुढे ते नीट समायोजित होत नाहीत.

कार्ब्युरेटर स्वच्छ असूनही मिश्रण फिके राहिले, तर फुकटची हवा शोधावी. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामधली गॅस्केट, मॅनिफोल्ड आणि इंजिन यांच्यामधली गॅस्केट आणि झिजलेला थ्रॉटलचा दांडा ही तिची तीन मुख्य दारे. अशी हवा मोजल्याशिवाय आत शिरत असल्याने मिश्रण फिके करते आणि तिचा परिणाम मंद गतीवर सर्वांत जास्त जाणवतो. इंजिन मंद चालू असताना या जोडांवर साबणाचे पाणी ब्रशने लावावे. एखाद्या जागी लावताच गती बदलली, तर ती जागा गळते आहे. यासाठी पेट्रोल किंवा ज्वलनशील फवारा कधीही वापरू नये, कारण एक्झॉस्ट मॅनिफोल्ड शेजारीच तापलेले असते.

एअर क्लीनर आणि कार्ब्युरेटर यांच्यामधली रबरी नळी फाटली, तर परिणाम वेगळा होतो. ती हवा कार्ब्युरेटरच्या आधी शिरते आणि मोजली जाते, म्हणून मिश्रण बदलत नाही. पण न गाळलेली धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि पिस्टनच्या रिंगा झिजवते. तेलात हवा गाळणाऱ्या एअर क्लीनरचे तेल घट्ट झाले किंवा त्यात माती भरली, तर उलट होते. हवा अडते, मिश्रण गडद होते आणि धूर काळा येतो.

गव्हर्नरच्या नावावर खपणारा एक दोषही इथे येतो. भार नसताना इंजिनाची गती लाटेसारखी वर-खाली होत राहिली, तर लोक गव्हर्नर खोलतात. बऱ्याचदा मूळ कारण फिके मिश्रण असते. गती घसरली की गव्हर्नर थ्रॉटल उघडतो, इंजिन उशिरा प्रतिसाद देते, मग गती जास्त वाढते आणि गव्हर्नर थ्रॉटल मिटतो. मिश्रण थोडे गडद करताच ही लाट शांत झाली, तर गव्हर्नरला हात लावू नये.

८. पेट्रोलचा स्वतःचा दोष

अमेरिकेत आज सर्वत्र मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी शोषून घेते. सुमारे १५ अंश सेल्सिअसला दहा टक्के इथेनॉलचे पेट्रोल आकारमानाच्या अर्ध्या टक्क्यापर्यंत पाणी सामावून घेऊ शकते. त्याहून जास्त झाले की इथेनॉल आणि पाणी एकत्र वेगळे होऊन तळाशी बसतात. असा थर गाळवाटीत दिसतो आणि कार्ब्युरेटरमध्ये गेला की इंजिन एकदम थांबते. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या मऊ करते आणि टाकीत वर्षानुवर्षे साठलेला थर सोडवते, त्यामुळे नव्या पेट्रोलवर जुना ट्रॅक्टर चालवू लागले की सुरुवातीला जाळ्या वारंवार बुजतात.

हा विषय महाराष्ट्राच्या अगदी जवळचा आहे. राज्यातल्या साखर कारखान्यांच्या आसवन्यांतून देशाच्या इथेनॉलचा मोठा वाटा येतो आणि भारतात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ साली गाठले गेले. शुद्ध इथेनॉलला वजनाने फक्त नऊपट हवा लागते, म्हणून वीस टक्के मिश्रणाचे हवेशी योग्य प्रमाण सुमारे साडेतेराला एक असे होते. साध्या पेट्रोलसाठी बेतलेला जेट या इंधनावर मिश्रण फिके करतो. टीएसएक्स कार्ब्युरेटरमध्ये मिश्रणाचा मुख्य स्क्रू थोडा उघडून हे भरून काढता येते. कायम जेट असलेल्या जुन्या दुचाक्या आणि पंपांमध्ये तशी सोय नसते, म्हणून त्यांत मोठा जेट बसवावा लागतो.

९. जुळणी

साफसफाईनंतर जुळणीला ठरलेला क्रम आहे. मुख्य स्क्रू आणि मंद गतीचा स्क्रू हलके टेकेपर्यंत आत घ्यावेत आणि मग साधारण एक ते दीड फेरा बाहेर काढावेत. एवढ्यावर इंजिन सुरू होते. ते पूर्ण गरम होईपर्यंत काहीही जुळवू नये, कारण थंड इंजिनाला गडद मिश्रणच लागते.

मुख्य स्क्रू भाराखाली जुळवावा. थ्रॉटल उघडा ठेवून, नांगर किंवा गवत कापणी जोडून, स्क्रू थोडा थोडा आत घ्यावा. ताकद कमी होऊ लागली की इंजिन पुन्हा सुरळीत चालेपर्यंत बाहेर काढावा आणि वर आणखी थोडा उघडावा. भाराविना केलेली ही जुळणी शेतात टिकत नाही. मंद गतीचा स्क्रू त्यानंतर. टीएसएक्समध्ये हा स्क्रू हवेचे प्रमाण ठरवतो, पेट्रोलचे नाही. म्हणून तो आत घेतला की मिश्रण गडद होते आणि बाहेर काढला की फिके. इतर कित्येक कार्ब्युरेटरमध्ये याच्या उलट असते आणि त्यांच्या सवयीने जुळणी केली तर ती भरकटते. इंजिन सर्वांत गुळगुळीत चालेल तिथे स्क्रू ठेवावा आणि शेवटी थ्रॉटलच्या थांब्याने मंद गती ठरवावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि स्क्रू किती फेरे फिरवला ते लिहून ठेवावे, म्हणजे जुळणी बिघडली तरी मूळ जागी परतता येते.

१०. सुरक्षितता आणि साठवण

पेट्रोल शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडते आणि ती वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीवर पसरते. म्हणून पेट्रोलचे काम उघड्यावर, थंड इंजिनावर, बॅटरीची तार काढून आणि धातूच्या भांड्यात करावे. अग्निशामक हाताशी असावा. नीडलची तपासणी करताना पेट्रोलच्या भागाला तोंड लावून हवा ओढू नये. त्यासाठी स्वच्छ, कोरडी नळी वापरावी.

ट्रॅक्टर उभा करताना कॉक बंद करण्याची सवय ही या व्यवस्थेतली सर्वांत मोलाची सवय आहे. कॉक उघडा राहिला आणि नीडल गळू लागली, तर टाकीतले सगळे पेट्रोल थेंबाथेंबाने जमिनीवर उतरते आणि शेजारी गवत किंवा गाठी असल्यास आग लागायला एक ठिणगी पुरेशी असते. काही आठवड्यांसाठी ट्रॅक्टर उभा राहणार असेल, तर कॉक बंद करून वाटी तळाच्या स्क्रूतून रिकामी करावी, म्हणजे जेटवर राळ साठत नाही. टाकी एकतर पूर्ण भरून त्यात पेट्रोल टिकवणारे द्रव्य घालावे किंवा ती पूर्ण रिकामी आणि कोरडी ठेवावी. अर्धी भरलेली टाकी गंजाला सर्वांत जास्त वाव देते. पुढच्या हंगामात जुने पेट्रोल तपासून, गाळवाटी धुऊन आणि दोन मिनिटांची प्रवाहाची चाचणी करूनच ट्रॅक्टर कामाला जोडावा.